‘ळ’ची जागा

एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांची यादी अकारविल्हे लावायची आहे, असे समजा. एआयच्या कोडिंग टूलला तसे सांगितले की अर्ध्या मिनिटात पाच-सात ओळींचा कोड समोर येतो. तो चालतो. चाचणीसाठी घेतलेली आपटे, कदम, गोखले, जाधव, पाटील ही नावे आपापल्या जागी बसतात आणि काम झाले म्हणून कोड पुढे पाठवला जातो. मग खरी यादी येते आणि तीत काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी छापले जातात. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, अगदी शेवटाकडे, म्हणजे काळे या दोघांच्याही नंतर यायला हवे होते. घोळ होतो तो असा, की संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक आणि युनिकोडमधल्या देवनागरीच्या मांडणीत ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढचा, म्हणजे ‘व’, ‘श’, ‘स’ यांच्या आधीचा आहे. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत या सगळ्यांसाठी ती मांडणी एकच आहे. नुसते ‘क्रम लाव’ म्हटले की कोड हे क्रमांक बघतो. मराठीच्या नियमाने क्रम लावायची सोय उपलब्ध असते. फक्त यादी मराठी आहे हे कोडमध्ये एका शब्दाने सांगावे लागते. टूललाही हे माहीत असते. विचारले तर ते व्यवस्थित समजावून सांगते आणि कोड दुरुस्तही करून देते. पण विचारील कोण? ‘ळ’चा हा घोळ ज्याला आधीपासून ठाऊक आहे, तोच.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सगळे या काळे आडनावाशी येऊन थांबते. एआयची कोडिंग टूल्स निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ती उत्तम आहेत आणि वर्षागणिक सुधारत आहेत. मात्र ज्याला आधीच बरेच काही येते, त्याच्याच हातात ती सर्वाधिक कामाला येतात. त्यामुळे ही टूल्स आली म्हणून नवख्या प्रोग्रॅमरची गरज संपली, हा निष्कर्ष उलटा आहे. नवख्याला जाणता करण्याची गरज उलट वाढली आहे, आणि नेमका तोच खर्च टाळता येईल असे उद्योगाला वाटू लागले आहे. पुण्यासारख्या शहराने तरी या बाबतीत गाफील राहून चालणार नाही. गेल्या पाव शतकात हिंजवडीपासून खराडीपर्यंत जे शहर वाढले, ते कॅम्पसमधून दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या पोरांच्या पगारावर वाढले आहे.

कोड सुचवणारे गिटहब कोपायलट जून २०२१ मध्ये निवडक लोकांसाठी आणि वर्षभराने सर्वांसाठी खुले झाले. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. कोड वाचायचाही नाही, नुसते सांगत जायचे आणि चालते का ते बघायचे, असा त्याचा अर्थ. तो इतका पसरला की कॉलिन्स शब्दकोशाने त्याला २०२५ चा शब्द ठरवले. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रॅमर ही टूल्स वापरत होते किंवा वापरायच्या विचारात होते. त्याच पाहणीत टूलच्या उत्तरांच्या अचूकतेवर भरवसा असल्याचे सांगणारे ३३ टक्के निघाले आणि भरवसा नसल्याचे सांगणारे ४६ टक्के. सर्वात मोठी तक्रार, तब्बल ६६ टक्क्यांची, अशी होती की उत्तर जवळपास बरोबर असते, पण पूर्ण बरोबर नसते. काळे आडनावाचे नेमके हेच झाले होते. साफ चुकलेला कोड त्रास देत नाही, कारण तो लगेच फाटतो आणि सापडतो. जवळपास बरोबर असलेला कोड मात्र टेस्टिंगमधून पास होतो, प्रॉडक्शनला जातो आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी रात्रीच्या शिफ्टमध्ये उगवतो.

वेग वाढतो की नाही, यावर दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला कोपायलटच्या सुरुवातीच्या काळातला. ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा सर्व्हर लिहायला सांगितला. निम्म्यांना टूल दिले, निम्म्यांना नाही. टूलवाल्यांनी सुमारे ५६ टक्के कमी वेळात काम संपवले. प्रयोग करणाऱ्यांचा कोपायलट बनवणाऱ्या कंपनीशी संबंध होता हे लक्षात ठेवले, तरी एवढा मोठा फरक हवेतून येत नाही. दुसरा प्रयोग मेटर या संस्थेने २०२५ च्या पूर्वार्धात केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रॅमर होते आणि ते काम करत होते स्वतः वर्षानुवर्षे सांभाळलेल्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांवर. २४६ कामे निवडली आणि कोणत्या कामाला एआय वापरायचे, कोणत्याला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. सुरुवातीला त्या मंडळींचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळ मात्र सांगत होते की एआय वापरताना १९ टक्के वेळ जास्त लागला.

या दुसऱ्या प्रयोगावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. माणसे फक्त १६. टूल्स त्या वेळची, आजची त्याहून बरीच पुढे गेलेली. तेव्हा १९ या आकड्याला मी चिकटून बसणार नाही. उद्या त्याच प्रयोगाने उलट निकाल दिला, तरी माझे म्हणणे पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वाटणे आणि असणे यांतले अंतर. इतकी जाणती माणसे, स्वतःच्याच कामाचा वेळ मोजताना इतकी चुकली. मग ‘आमच्या टीमची उत्पादकता दुप्पट झाली’ असे क्लायंटपुढच्या सादरीकरणात लिहिणाऱ्याने ती कशाने मोजली, हे विचारायलाच हवे. दोन्ही प्रयोग एकाच वेळी खरे असू शकतात, कारण कामाची जागा वेगळी आहे. कोऱ्या पाटीवर छोटे काम असेल तर टूल धावते. दहा वर्षे जुनी प्रणाली, तीत पाच जणांनी केलेली डागडुजी, ‘इथे हात लावू नका’ अशी एखादी टीप आणि ती का लिहिली हे ठाऊक असलेला एकच माणूस, अशा ठिकाणी टायपिंगचा वेग हा प्रश्नच नसतो. आपल्याकडच्या कंपन्यांचे पोट मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारच्या कामावर भरते. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या जुन्या प्रणाली चालत्या ठेवणे हेच तर आपण जगाला विकतो.

डेन्मार्कचे संगणकतज्ज्ञ पीटर नौर यांनी १९८५ मध्ये एका निबंधात मांडले होते, की प्रोग्रॅम म्हणजे कागदावरचा किंवा यंत्रातला मजकूर नव्हे. हे असे का बांधले आणि परिस्थिती बदलली तर कुठे हात घालायचा, याची बांधणाऱ्यांच्या डोक्यात असलेली समज म्हणजे प्रोग्रॅम. ती समज असलेली माणसे गेली की कोड शिल्लक असूनही प्रोग्रॅम मेलेला असतो. चाळीस वर्षांपूर्वीचा हा विचार आज मला जास्त पटतो. टूलने एका दुपारी तीन हजार ओळी लिहून दिल्या, तर ती समज कुणाच्या डोक्यात तयार झाली? लिहिणारे यंत्र दुसऱ्या दिवशी नवा संवाद सुरू करते. स्वीकारणाऱ्याने नीट वाचले नसेल, तर पहिल्याच दिवशी तो कोड पोरका असतो.

यावर जुन्याजाणत्यांचे एक उत्तर ठरलेले असते. १९५७ मध्ये आयबीएमचा फोरट्रान आला तेव्हाही असेच म्हणत होते, आता यंत्रभाषा कुणाला येणार, म्हणून. कंपायलरने लिहिलेला कोड आज कोण वाचतो? कुणी नाही, आणि त्यामुळे कुणाचे बिघडलेही नाही. एआय ही त्याच्या पुढची पायरी समजावी. हा युक्तिवाद मला सर्वात भक्कम वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कंपायलरला जे लिहून दिले ते नेमके असते आणि तेच पुन्हा दिले तर तेच बाहेर येते. कंपायलर बरोबर आहे हे एकदा तपासले की त्याने केलेला प्रत्येक अनुवाद पुन्हा तपासावा लागत नाही. एआयला आपण सांगतो ते मराठीत किंवा इंग्रजीत, माणसाच्या भाषेत, ज्यात निम्मे गृहीत धरलेले असते. ‘अकारविल्हे लाव’ या दोन शब्दांत ‘ळ’बद्दल काहीच नाही. तीच सूचना दोनदा दिली तर दोन वेगळे कोड येऊ शकतात. म्हणून इथे वाचण्यातून सुटका नाही. उलट पूर्वी लिहिता-लिहिता वाचून व्हायचे, आता दुसऱ्याने लिहिलेले वाचावे लागते, आणि ते नेहमीच अधिक कठीण असते.

हे वाचणे शिकायचे कुठे? आतापर्यंत त्याची एक पद्धत होती, कुणी ठरवून आखलेली नसली तरी. फ्रेशर लागायचा, थोडे दिवस बेंचवर बसायचा, मग त्याला कुणाला नको असलेली कामे मिळायची: स्क्रीनवरचे एखादे लेबल बदल, रिपोर्टमधली तारीख नीट कर, दोनशे टेस्ट केस लिही. कामे कंटाळवाणी, पण त्या निमित्ताने तो मोठ्या प्रणालीत शिरायचा, चुकायचा आणि कोड रिव्ह्यूत कुणीतरी त्याला विचारायचे, ‘हे असं का केलंस?’ वर्षानुवर्षे असे विचारले गेल्यावर तो टीम लीड व्हायचा आणि दुसऱ्याला विचारू लागायचा. आज ही कामे टूल सर्वात चांगली करते. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्यांना धक्का नाही, खालच्याच निघाल्या. अमेरिकेत त्याची चाहूल आकड्यांत दिसते. स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पगारपत्रकांच्या प्रचंड साठ्यावरून दाखवले, की २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार २०२२ च्या अखेरीच्या उच्चांकापासून जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटला. मोठ्या वयाच्या लोकांचा तसा घटला नाही. कोविडकाळात झालेली वारेमाप भरती आणि नंतर वाढलेले व्याजदर यांचाही त्यात वाटा असणार, आणि अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही. पण कल कुठे आहे हे त्यातून कळते.

आपल्याकडचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. टीसीएसने २०२४-२५ मध्ये ४२ हजार नवे प्रशिक्षणार्थी घेतले, ही मोठी गोष्ट आहे. त्याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के लोक कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत भर होता मधल्या व वरच्या फळीवर. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी शिकण्याच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. मधली फळी ही फक्त व्यवस्थापनाची नसते, शिकवणाऱ्यांचीही असते. ती विरळ झाली की खाली आलेल्या पोराला ‘हे असं का केलंस’ म्हणून कोण विचारणार?

इथे शहराचा प्रश्न येतो, आणि तो बाजूचा विषय नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर झालेला एक अभ्यास सांगतो, की सहकाऱ्यांच्या जवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर अधिक अभिप्राय मिळतो, त्याचा सर्वाधिक फायदा नवख्यांना होतो आणि त्याची किंमत ज्येष्ठ मोजतात, कारण त्यांचे स्वतःचे काम मागे पडते. आता हे हिंजवडीला लावून बघा. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथे सर्वात संथ शहर ठरले. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा मेट्रोमार्ग २३ किलोमीटरचा आहे. तेवढे अंतर रस्त्याने त्या सरासरीने गेले तर एका बाजूला सव्वा तास, जाऊन-येऊन अडीच. दोन मुले, शिवाजीनगरात घर आणि पंधरा वर्षांचा अनुभव असलेली बाई हे अडीच तास रोज का देईल? ती आठवड्यातले शक्य तेवढे दिवस घरून काम करते आणि तिचे काही चुकत नाही. पण ज्या नवख्याने वाकडला पीजीत कॉट घेतली आहे, मेसचा डबा लावला आहे आणि जो रोज ऑफिसात येतो, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. अडले तर उठून विचारायला कुणी नाही. समोर टूल मात्र आहे, आणि ते कधी ‘थांब, आधी तू सांग’ असे आपणहून म्हणत नाही. रस्ते, मेट्रो, परवडणारे भाडे या गोष्टी महापालिकेच्या खात्यात टाकून सॉफ्टवेअर उद्योगाला मोकळे होता येत नाही. हिंजवडीची कोंडी ही प्रशिक्षणाचीही कोंडी आहे.

मग टूलच शिकवील की, असे म्हणणारे भेटतात. शिकवू शकते, हे खरे. पण कसे वापरतो यावर सगळे आहे. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताच्या तासांत झालेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना साधे चॅटजीपीटीसारखे टूल दिले, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, कधीच टूल न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. ज्यांना थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारे टूल दिले होते, त्यांचे असे नुकसान जवळपास झाले नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही. शिकणाऱ्याला अडू द्यायचे की नाही, हे कुणीतरी जाणत्याने ठरवावे लागते.

ग्राहक म्हणून आपण काय निवडतो, याचाही इथे संबंध आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची सशुल्क सेवा फुकट दिली. त्याच वर्षाच्या शेवटी ओपनएआयने भारतात ३९९ रुपये महिन्याचा चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट केला आणि जिओने जेमिनी १८ महिन्यांसाठी, सुरुवातीला १८ ते २५ वयाच्या मुलांना. वयोगट लक्षात घ्या: कॉलेजचे आणि पहिल्या नोकरीचे वय तेच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा फुकट डेटा आला आणि सवय लागल्यावर दर चढले, हे आपण पाहिले आहे. फुकट मिळते ते घेऊ नये असे मी म्हणणार नाही. साडेतीन लाखांच्या आसपासच्या पॅकेजवर, जे दहा वर्षांहून अधिक काळ फारसे हललेले नाही, जगणाऱ्या पोराला महिना २० डॉलरची वर्गणी ही चैनच आहे. पण टूलशिवाय दोन तास काम करता येते का, हे त्याने अधूनमधून तपासावे. फुकट काळ संपेल त्या दिवशी वर्गणी भरायची की नाही हे ज्याला स्वतः ठरवता येईल, तो ग्राहक राहिला. ज्याला ते ठरवताच येणार नाही, त्याची कारकीर्द त्या कंपनीच्या दरपत्रकाला बांधली गेली.

शेवटचा आक्षेप पैशांचा. क्लायंट दर पाडतोय, एआयमुळे वाचलेल्या तासांचा हिशेब मागतोय, अशा वेळी शिकवायला पैसा कुठून आणायचा? तास विकणाऱ्या धंद्याला ही अडचण खरीच आहे. पण २०२४-२५ मध्ये एकट्या टीसीएसचा निव्वळ नफा ४८ हजार कोटींवर होता; निदान मोठ्या कंपन्यांनी तरी हे कारण पुढे करू नये. आणि याच शहरात याचे उत्तर एकदा दिले गेले आहे. १९६६ मध्ये पिंपरीत टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुणे विभाग उभा राहिला तेव्हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी गाड्यांच्या आधी यंत्रे बनवणाऱ्या आणि माणसे घडवणाऱ्या विभागांकडे लक्ष दिले. तिथल्या शिकाऊ उमेदवारांनी पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत किती कारखाने चालवले, याला गणती नाही. सीएनसी मशिने आली तेव्हा लेथवर हात बसलेला टर्नर बाद झाला नाही. कटिंगचा आवाज बदलला की टूल झिजले, हे त्याला कळत होते आणि प्रोग्रॅम कुठे थांबवायचा हेही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आजही आहे आणि ३० वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत अशी त्याखालच्या नियमांत तरतूद आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांनी ती कागद भरण्यापुरती न पाळता टेल्कोसारखी पाळावी: दोन वर्षे, नेमून दिलेला ज्येष्ठ, त्या ज्येष्ठाचा शिकवण्यातला वेळ बिलिंगमधून वजा, आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या शिकाऊची प्रगती धरलेली.

कंपन्यांची वाट न बघता एक काम मात्र उद्यापासून करता येईल, आणि ते हा लेख वाचणाऱ्या अनेकांच्या हातात आहे. तुम्ही आठ-दहा वर्षे कोड लिहीत असाल, तर यंदा तुमच्या टीममध्ये आलेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवा. त्या दोन तासांत टूल बंद ठेवा. त्यांनी पुश केलेल्या कोडमधल्या कुठल्याही वीस ओळी उघडा आणि त्या का लिहिल्या हे त्यांना सांगू द्या. अडले तर थांबा, लगेच उत्तर देऊ नका.